विजेत्या मुष्टियोद्ध्याने वजनगट बदलावा काय? (विशेष संदर्भ : मेरी कोम)

बीजसंज्ञा : मुष्टियुद्ध, वजनगट, ऑलिंपिक, मेरी कोम, वजनघट, निवड चाचणी

प्रास्ताविक

८ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन येथे ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या ५१ किलो वजनगटाची उपांत्य लढत झाली. एका बाजूस पाच वेळा जगज्जेतेपद मिळविलेल्या मणिपूरच्या मेरी कोम होत्या. दुसऱ्या बाजूस ब्रिटनची निकोला ॲडम्स. ॲडम्सने ही लढत ११-६ अशा गुणफरकाने जिंकली आणि मेरी कोम यांच्या वाट्यास कांस्यपदक आले. स्त्रियांच्या मुष्टियुद्धाचा समावेश झालेले ते पहिलेच ऑलिंपिक असल्याने या पदकाचा देशभर गौरव झाला आणि तो सर्वथा योग्यच होता. तथापि या गौरवात एक बाब नजरेआड झाली. मेरी कोम यांच्या पाच जगज्जेतेपदांपैकी एकही ५१ किलो गटातले नव्हते. पहिले ४५ किलो गटातले, त्यानंतरची तीन ४६ किलो गटातली आणि पाचवे ४८ किलो गटातले होते. ज्या गटात त्यांनी ऑलिंपिक पदक मिळविले, तो त्यांचा स्वाभाविक गट नव्हता.

एखाद्या गटात अजिंक्य ठरलेल्या मुष्टियोद्ध्याने तो गट सोडून वरच्या वा खालच्या गटात जावे काय, हा प्रश्न क्रीडारसिक बहुधा धाडसाचा प्रश्न म्हणून पाहतात. गेला तर शूर, न गेला तर सुरक्षिततेला चिकटून राहिलेला, अशी सोपी विभागणी केली जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची उकल निराळ्या दिशेने करावयाची आहे. गट बदलण्याचा निर्णय कोण घेतो, तो कोणत्या दिशेने घेतला जातो, त्यासाठी शरीराला किती अवधी मिळतो आणि नव्या गटात आधीपासून उभ्या असलेल्या खेळाडूचे काय होते, या चार बाबी विचारात घेतल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

वजनगटाची कल्पना

गावच्या जत्रेतील कुस्तीच्या फडात जोड लावली जाते ती नजरेने. जाणती मंडळी दोन मल्लांची अंगलट, उंची आणि तालमीतील कीर्ती पाहून तुल्यबळ जोड ठरवितात. वजनकाट्याची गरज भासत नाही. मुष्टियुद्धाचाही आरंभ असाच झाला. पुढे या खेळास नियमबद्ध रूप आले, तेव्हा नजरेची जागा काट्याने घेतली. १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट निश्चित केले. आज पुरुषांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धात १०५ पौंडांपासून अमर्याद वजनापर्यंत साधारणतः सतरा गट मानले जातात. हौशी मुष्टियुद्धात मात्र गटांची संख्या आणि सीमा वारंवार बदलत आल्या आहेत.

गटांमधील अंतरे समान नाहीत, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात ११२ पौंडांच्या गटावरचा गट ११५ पौंडांचा आहे. म्हणजे वाढ तीन टक्क्यांहूनही कमी. याउलट १७५ पौंडांच्या गटावरचा गट २०० पौंडांचा आहे; ही वाढ चौदा टक्क्यांहून अधिक भरते. दोघा योद्ध्यांनी 'एक गट वर' जाण्याचा पराक्रम केला असे वृत्तपत्रात छापून येते, तेव्हा त्या दोन पराक्रमांत पाचपट अंतर असू शकते. किती गटांत अजिंक्यपद मिळविले यावरून थोरवी मोजण्याची जी प्रथा पडली आहे, ती या कारणास्तव फारशी विश्वसनीय नाही.

शरीराचा हिशेब

भूमितीचा एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. एकाच ठेवणीची दोन शरीरे घेतली, तर वजन हे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्नायूची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर, अवलंबून असते. त्यामुळे वजनदार योद्धा एकूण ताकदीने सरस असला, तरी स्वतःच्या वजनाच्या मानाने तो हलक्या योद्ध्याइतका बलवान नसतो. हलका योद्धा वेगवान भासतो तो यामुळेच. वरच्या गटात जाणाऱ्या विजेत्याचा सारा भरवसा या वेगावर असतो. ठोशाची ताकद केवळ दंडातून येत नाही; ती पावलापासून निघते, मांड्या, कंबर आणि खांदा यांतून मुठीपर्यंत पोचते आणि तिच्यामागे साऱ्या देहाचे वजन उभे असते. विजेता वेगाने ठोसे मारू शकेल. परंतु त्याला मिळणारे ठोसे आता अधिक वजनाच्या देहातून येणार असतात. मानेचे व दंडाचे स्नायू व्यायामाने वाढविता येतात. उंची आणि हातांचा पल्ला वाढविता येत नाही.

खाली उतरणाऱ्याचा हिशेब याहून कठीण आहे. मानवी देहात सुमारे साठ टक्के पाणी असते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. सामन्यापूर्वीच्या अखेरच्या दिवसांत पाणी व मीठ तोडून, घामाचे कपडे घालून, धावून वा दोरीवरच्या उड्या मारून दोन-तीन किलो उतरविण्याची पद्धत सर्वत्र आहे. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी घेतले जात असल्याने योद्ध्यास पाणी व अन्न भरून काढण्यास वेळ मिळतो. म्हणून तेथे गट हा वजनकाट्यापुरता असतो, रिंगणातील वजन निराळेच असते. हौशी स्पर्धांत मात्र लढतीच्या दिवशी सकाळी वजन घेतले जाते आणि स्पर्धा अनेक दिवस चालते. ही शिक्षा तेथे दर लढतीस भोगावी लागते. पाणी कमी झालेल्या देहात रक्त दाट होते, हृदयावरील ताण वाढतो, शरीराचे तापमान आटोक्यात राहत नाही.

महाविद्यालयीन क्रीडाविभागांच्या दृष्टीने या संदर्भात १९९७ सालची घटना विसरण्याजोगी नाही. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरविण्याच्या प्रयत्नात मरण पावले. त्यानंतर तेथील आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटनेने बाष्पस्नान व रबरी पोशाख यांवर बंदी घातली, वजन घेण्याची वेळ लढतीच्या जवळ आणली आणि खेळाडूचा किमान गट हंगामाच्या आरंभीच निश्चित करण्याची पद्धत सुरू केली. स्त्री खेळाडूंच्या बाबतीत दीर्घकाळ अपुऱ्या आहारावर राहण्याचे परिणाम मासिक पाळी आणि अस्थींच्या घनतेपर्यंत पोचतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने या अवस्थेस 'सापेक्ष ऊर्जान्यूनता' या अर्थाचे नाव देऊन तिची दखल घेतली. पुरुषांनाही ती होते, हे त्या गटाने आवर्जून नमूद केले आहे.

४५ ते ५१ किलो : मेरी कोम यांचा प्रवास

मेरी कोम यांच्या वजनाचा आलेख मांडला असता असे दिसते की, त्या स्वतःहून गट शोधीत गेल्या असे क्वचितच घडले. बहुधा गटच त्यांच्याखालून सरकत गेले. २००१ मध्ये अमेरिकेतील स्क्रॅन्टन येथे झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत त्यांना ४८ किलो गटात रौप्यपदक मिळाले. पुढील वर्षी तुर्कस्तानातील अंताल्या येथे त्या खाली उतरून ४५ किलो गटात जगज्जेत्या झाल्या. २००५ मध्ये पोदोल्स्क, २००६ मध्ये नवी दिल्ली आणि २००८ मध्ये निंगबो येथे त्यांनी ४६ किलो गटात सुवर्णपदके मिळविली. यातील शेवटचे पदक जुळ्या मुलांच्या जन्मानंतरचे आहे.

२०१० मध्ये स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेतील गटांची संख्या तेरावरून दहावर आली आणि ४६ किलोचा गटच नाहीसा झाला. सर्वांत खालचा गट ४८ किलोचा झाला. त्यात त्यांनी बार्बाडोस येथे पाचवे जगज्जेतेपद मिळविले. दरम्यान, ऑगस्ट २००९ मध्ये ऑलिंपिक समितीने लंडनसाठी स्त्रियांच्या मुष्टियुद्धास मान्यता दिली होती; परंतु ती केवळ तीन गटांना : ५१, ६० आणि ७५ किलो. प्रत्येक गटात बारा, म्हणजे साऱ्या जगातून छत्तीस स्त्रिया. जागतिक स्पर्धेत दहा पायऱ्यांची असलेली शिडी ऑलिंपिकमध्ये तीन पायऱ्यांची झाली. ४६ किलोच्या विजेतीस तेथे जावयाचे असेल, तर पाच किलो, म्हणजे आपल्या वजनाच्या जवळजवळ अकरा टक्के, वाढविण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा भार एकट्या मेरी कोम यांच्यावर पडला असे नाही. २००६ मध्ये ५२ किलो गटात जगज्जेत्या झालेल्या मणिपूरच्याच सरिता देवी पुढे ६० किलो गटात खेळताना दिसतात. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना त्याच गटात रौप्यपदक मिळाले. पोलंडची कारोलिना मिखालचुक उलट दिशेने आली. २००८ मध्ये ती ५४ किलो गटात जगज्जेती होती आणि लंडनसाठी ५१ किलोपर्यंत उतरली. योगायोग असा की, लंडन येथील मेरी कोम यांची पहिलीच लढत तिच्याशी झाली. वर चढलेली आणि खाली उतरलेली, अशा दोन माजी जगज्जेत्या एकाच कृत्रिम सीमेवर समोरासमोर आल्या. मेरी कोम यांनी ही लढत १९-१४ अशी जिंकली. पुढे त्यांनी ट्युनिशियाच्या मारवा राहाली हिला १५-६ असे नमविले. पहिल्या लढतीत सातत्याने आक्रमण करून, अंतर तोडून आत शिरण्याची जी शैली त्यांना उपयोगी पडली, ती ॲडम्सपुढे अपुरी पडली. ॲडम्स उंच होती, पायांनी चपळ होती आणि अंतर राखून सरळ ठोसे मारण्यात तरबेज होती. मुख्य म्हणजे ५१ किलो हा तिच्या अंगचा गट होता. त्याच वर्षी चीनमधील चिनह्वांगदाओ येथे झालेल्या जागतिक स्पर्धेतही तिने मेरी कोम यांना उपांत्यपूर्व फेरीत हरविले होते.

यावरून मेरी कोम यांनी ५१ किलो गटात जाणे चुकीचे होते, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांना ५१ किलो गटात कांस्यपदक मिळाले. २०१२ मध्ये ऑलिंपिक कांस्य. आणि २०१४ मध्ये, तिसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर, इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत त्याच गटात सुवर्ण. शरीर आणि शैली यांना नव्या गटाशी जुळवून घेण्यास चार वर्षे लागली, असे या क्रमातून स्पष्ट होते. ऑलिंपिक मात्र त्या चार वर्षांच्या मध्यावर आले.

पुढील आलेखही बोलका आहे. २०१६ मध्ये अस्ताना येथील जागतिक स्पर्धेत ५१ किलो गटात लवकर पराभव झाल्याने त्यांचे रिओ ऑलिंपिक हुकले. त्यानंतर त्या ४८ किलो गटात परतल्या आणि यशाची जणू रांगच लागली : २०१७ मध्ये आशियाई अजिंक्यपद, २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल सुवर्ण आणि त्याच वर्षी नवी दिल्लीत सहावे जगज्जेतेपद. २०१८ मध्येच पोलंडमधील एका स्पर्धेच्या वेळी त्या पहाटे पोचल्या, तेव्हा वजन सुमारे दोन किलो अधिक होते आणि हाती केवळ चार तास होते. दोरीवरच्या उड्या मारून त्यांनी ते उतरविले व सुवर्णपदक जिंकले. ही हकीकत जिद्दीचा नमुना म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. परंतु ज्या खेळाडूस स्वाभाविक गटातसुद्धा पस्तिसाव्या वर्षी चार तासांत दोन किलो घाम गाळावा लागतो, तिच्या शरीरावर गटव्यवस्थेचा किती ताण असेल याचेही ते उदाहरण आहे. ४८ किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नसल्याने २०१९ मध्ये त्या पुन्हा ५१ किलो गटात गेल्या. उलान-उदे येथे जागतिक कांस्यपदक मिळाले आणि टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून पंचांच्या ३-२ अशा कौलाने त्या हरल्या. सहा जगज्जेतेपदे, आणि त्यांतील एकही ऑलिंपिक गटात नाही, हा योग मुष्टियुद्धाच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल.

व्यावसायिक मुष्टियुद्धातील दाखले

व्यावसायिक मुष्टियुद्धात गट बदलण्याची प्रेरणा निराळी असते. तेथे जुन्या गटात प्रतिस्पर्धी उरलेले नसतात, वरच्या गटात पैसा अधिक असतो आणि इतिहासात नाव कोरण्याची आकांक्षा असते. आरंभीचा दाखला बॉब फिट्सिमन्स याचा. १८९१ मध्ये मध्यम वजनगटाचे, १८९७ मध्ये सर्वोच्च वजनगटाचे आणि १९०३ मध्ये त्या दोहोंमधील गटाचे अजिंक्यपद त्याने मिळविले. हेन्री आर्मस्ट्राँग याने १९३७ व १९३८ या दोन वर्षांत तीन गटांची अजिंक्यपदे जिंकून ती काही काळ एकाच वेळी धारण केली होती. त्या काळी मुख्य गट आठच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पराक्रमाचे मोल कळते.

अपयशाच्या कथा अधिक शिकवून जातात. १८ जून १९४१ रोजी बिली कॉन हा पूर्वीचा १७५ पौंड गटाचा अजिंक्यवीर सर्वोच्च गटाच्या जो लुईसपुढे उभा राहिला. बारा फेऱ्यांनंतर तो सरशीत होता; परंतु तेराव्या फेरीत गुणांवर जिंकत असूनही लुईसला बाद करण्याच्या मोहात तो भिडला आणि स्वतःच बाद झाला. हलक्या योद्ध्याची योजना वेगावर बेतलेली असते. ती एकदा सोडली की वजनाचा हिशेब तात्काळ चुकता होतो. शुगर रे रॉबिन्सनचे अपयश याहून विचित्र. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर त्याची गाठ वरच्या गटातील जोई मॅक्सिमशी पडली. उष्मा एवढा होता की, पंचालाच मध्यात बदलावे लागले. रॉबिन्सन आघाडीवर होता, पण तेराव्या फेरीनंतर तो उठू शकला नाही. मॅक्सिमच्या ठोशांपेक्षा त्याचे वजन अंगावर झेलीत, त्यास रेटीत घालविलेल्या तेरा फेऱ्या आणि उकाडा यांनी त्याला हरविले.

१७५ पौंडांचा विद्यमान अजिंक्यवीर सर्वोच्च गटाचे अजिंक्यपद जिंकतो, हे प्रथम घडले ते सप्टेंबर १९८५ मध्ये, मायकेल स्पिंक्सने लॅरी होम्सला पंधरा फेऱ्यांत हरविले तेव्हा. स्पिंक्सने सुमारे पंचवीस पौंड शिस्तीने वाढविले होते. त्याच स्पिंक्सला जून १९८८ मध्ये माइक टायसनने ९१ सेकंदांत बाद केले. वजन वाढविण्याची रीत दोन्ही वेळी तीच होती. समोरचा माणूस निराळा होता. गट बदलावा की नाही हा प्रश्न 'कोणाविरुद्ध' या प्रश्नापासून तोडता येत नाही, हे या दोन लढती एकत्र वाचल्यावर पटते.

रॉय जोन्स याचे उदाहरण मात्र विस्ताराने पाहण्याजोगे आहे. १ मार्च २००३ रोजी १७५ पौंड गटाच्या या अजिंक्यवीराने सर्वोच्च गटातील जॉन रुइझ याला लास व्हेगास येथे सहज हरविले. जोन्सचे वजन १९३ पौंड होते, रुइझचे २२६. कौतुकाचा वर्षाव झाला. त्यानंतर जोन्सने खाली परतण्याचा निर्णय घेतला. आठ महिन्यांनी, नोव्हेंबर २००३ मध्ये, पुन्हा १७५ पौंडांवर उतरून त्याने अँटोनिओ टार्व्हरला कसेबसे हरविले. मे २००४ मध्ये टार्व्हरने त्यास दुसऱ्याच फेरीत बाद केले आणि सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. त्या वेळी जोन्स पस्तीस वर्षांचा होता, म्हणून हा वयाचा परिणाम असे काही जाणकार मानतात. वाढविलेले स्नायू घाईने उतरविल्याचा हा परिणाम, असे इतर म्हणतात. दोन्ही कारणे एकमेकांत मिसळली असावीत. एवढे मात्र निश्चित की, त्याला महाग पडले ते वर जाणे नव्हे, परतणे होते.

याच्या उलट टोकास फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ आहे. डिसेंबर १९९८ मध्ये तो ११२ पौंड गटात जगज्जेता झाला. पुढील वर्षी वाढत्या वयाचे त्याचे शरीर त्या गटात मावेना. त्यास वजन गाठता आले नाही, अजिंक्यपद वजनकाट्यावरच गेले आणि त्या लढतीत तो बादही झाला. त्यानंतर तो टप्प्याटप्प्याने वर चढत गेला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये १५४ पौंड गटाचे अजिंक्यपद जिंकून आठ गटांचा विजेता ठरला. या चढणीस बारा वर्षे लागली. जोन्सने वजन वाढविले ते काही महिन्यांत. पॅकियाओच्याच कारकिर्दीत खाली उतरण्याचे फळही दिसते : डिसेंबर २००८ मध्ये ऑस्कर डी ला होया हा त्याच्याहून थोराड योद्धा कित्येक वर्षांनी १४७ पौंडांच्या मर्यादेत उतरला आणि आठ फेऱ्यांनंतर त्याने लढत सोडून दिली. काट्यावर दोघे एकाच गटाच्या मर्यादेत होते. रिंगणात डी ला होया रिकामा होता.

या दाखल्यांवरून असे म्हणता येईल की, वयाने वाढणारे शरीर वरच्या गटात जात असेल आणि त्यास वर्षे मिळत असतील, तर गट बदलणे हा धोका नसून दिलासा असतो. तिशी ओलांडलेल्या विजेत्याने एका मोठ्या लढतीसाठी वर जावे आणि लगोलग परतावे, हा व्यवहार मात्र क्वचितच फायद्याचा ठरतो. या विधानास अपवाद नाहीत असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टेरेन्स क्रॉफर्ड याने ३७ व्या वर्षी १५४ वरून थेट १६८ पौंडांवर जाऊन कानेलो अल्वारेझला गुणांवर हरविले. परंतु क्रॉफर्ड परतला नाही. त्याच वर्षी त्याने निवृत्ती पत्करली.

ज्यांच्या गटात विजेता येतो

आतापर्यंतच्या विवेचनात विजेता केंद्रस्थानी होता. तथापि तो ज्या गटात जातो, तो गट रिकामा नसतो. ऑलिंपिकमध्ये एका देशाचा एका गटात एकच मुष्टियोद्धा खेळू शकतो. त्यामुळे विजेत्याचे आगमन म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी निर्गमन. २०१९ मध्ये ५१ किलो गटातील तरुण मुष्टियोद्ध्या निखत जरीन यांनी क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून न्याय्य निवड चाचणीची मागणी केली. डिसेंबर २०१९ मध्ये चाचणी झाली आणि मेरी कोम यांनी ती ९-१ अशी जिंकली. निकाल निर्विवाद होता. परंतु चाचणी मागावी लागणे हे निवडपद्धतीच्या दृष्टीने भूषणावह नव्हते. कीर्तीला गट लागू होत नाही, पात्रतेला लागू होतो. ५१ किलो गटातील पिंकी जांगडा यांनी २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत मेरी कोम यांना हरविले होते आणि ग्लासगो येथे कांस्यपदकही आणले होते, हेही येथे स्मरणात ठेवले पाहिजे.

विस्थापनाची ही साखळी कोठवर जाते, हे कुस्तीत २०२४ मध्ये दिसले. ५३ किलो गटातील ऑलिंपिक स्थान अंतिम पंघाल यांनी देशास मिळवून दिल्याने विनेश फोगाट ५० किलो गटात उतरल्या. पॅरिस येथे ६ ऑगस्ट रोजी त्यांनी जपानच्या युई सुसाकीसह तिघींना हरवून अंतिम फेरी गाठली आणि ७ ऑगस्टच्या सकाळी वजन १०० ग्रॅम अधिक भरल्याने त्या अपात्र ठरल्या. क्रीडा लवादानेही त्यांचे अपील फेटाळले. नियम सर्वांस ठाऊक होता, हे खरेच. पण त्या शंभर ग्रॅमांचे मूळ त्या रात्रीत नव्हे, गट बदलण्याच्या निर्णयात होते.

महाराष्ट्रात या संदर्भात खाशाबा जाधव यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील त्यांचे कांस्यपदक आणि त्यासाठी कोल्हापुरात झालेली पैशांची जुळवाजुळव सर्वश्रुत आहे. १९४८ मध्ये लंडन येथे ते ५२ किलोच्या गटात खेळून सहावे आले होते आणि हेलसिंकीस ५७ किलोच्या गटात, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. चार वर्षांत एक गट वर, तोही बावीस ते सव्वीस या वाढत्या वयात. शरीराने मागितलेला आणि शरीराला परवडलेला असा हा बदल होता.

ऑलिंपिकच्या गटयादीत पुढेही बदल होत राहिले. टोकियो येथे ६९ किलो गटात कांस्यपदक मिळविणाऱ्या लव्हलिना बोरगोहाँई यांचा गट पॅरिसच्या यादीत राहिला नाही. ६६ किलोवर उतरणे किंवा ७५ किलोवर चढणे, असे दोनच मार्ग होते. त्यांनी वरचा मार्ग निवडला आणि २०२३ मध्ये नवी दिल्लीत ७५ किलो गटात त्या जगज्जेत्या झाल्या. पॅरिस येथे उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या ली छियानकडून त्या हरल्या. निखत जरीन २०२२ मध्ये ५२ किलो गटात जगज्जेत्या झाल्या. पॅरिसचा गट ५० किलोचा असल्याने त्या खाली आल्या, २०२३ मध्ये त्या गटातही जगज्जेत्या झाल्या आणि पॅरिस येथे दुसऱ्याच लढतीत चीनच्या वू यूकडून पराभूत झाल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूल येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत हरियाणाच्या मीनाक्षी हुडा यांनी स्त्रियांच्या ४८ किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी जाहीर झालेल्या स्त्रियांच्या सात गटांत सर्वांत खालचा गट ५१ किलोचा आहे. त्याच लिव्हरपूल येथे ५१ किलो गटात भारताकडून निखत जरीन खेळल्या होत्या.